एक्स८६, एक्स६४, एएमडी६४, आर्म६४: कुठल्या मशिनला कुठली फाइल?

पाचमशिनी (प्रश्न)

एका डेटाबेसचा क्लायंट आणि त्याचा ओडीबीसी ड्रायव्हर (इतर प्रोग्रॅमना डेटाबेसशी जोडणारा दुवा) पाच मशिनवर बसवायचा आहे. आवृत्ती सगळीकडे एकच, पण उतरवायच्या फाइली आठ. नावांच्या शेपट्या अशा: एक्स८६, एक्स६४, एएमडी६४, आय३८६, आर्म६४, आर्मएचएफ, युनिव्हर्सल, आणि जुन्या फोल्डरात एक आयए६४. मशिनं आणि आतापर्यंतचा निकाल असा:

१. डेस्कटॉप, इंटेल कोअर आय५, विंडोज १०, रॅम ८ जीबी. अबाउटमध्ये ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ दिसतं. एक्स६४ची एमएसआय (विंडोजची इन्स्टॉलर फाइल) चालवली की ‘हे पॅकेज या प्रोसेसर टाइपवर चालत नाही’ अशा अर्थाचा एरर येतो.

२. लॅपटॉप, इंटेल, विंडोज ११. एक्स६४ बसलं, क्लायंट चालतो. पण एक्सेलमधून डीएसएन (ओडीबीसी जोडणीची साठवलेली नोंद) निवडला की ड्रायव्हर आणि अ‍ॅप्लिकेशन यांच्यात ‘आर्किटेक्चर मिसमॅच’.

३. स्नॅपड्रॅगनचा लॅपटॉप, विंडोज ११. इथे एक्स६४चा क्लायंट चक्क चालला. त्याच मशिनवर स्कॅनरचा एक्स६४ ड्रायव्हर मात्र बसायला तयार नाही.

४. मॅक, एम२ चिप. अजून काही बसवलेलं नाही.

५. रास्पबेरी पाय ४ (एका बोर्डावरचा छोटा संगणक). ‘यूनेम -एम’ दिलं तर एआर्च६४ येतं, म्हणून आर्म६४चं डेब पॅकेज घेतलं. डीपीकेजी (पॅकेज बसवणारी आज्ञा) म्हणतं पॅकेज आर्म६४चं आहे, सिस्टिम आर्मएचएफची, जुळत नाही.

तर प्रोसेसर इंटेलचा असताना एएमडी६४ घ्यायचं का? १ला एक्स६४ प्रोसेसर आहे असं विंडोज स्वतः सांगतं, मग एरर प्रोसेसरच्या नावाने का? आणि ३वर एक चालतं, दुसरं नाही, हे कसं?

---

रजिस्टर_सोळा

आधी नावांचा गुंता सोडवू, निम्मा घोळ तिथेच आहे.

एक्स८६ म्हणजे इंटेलच्या १९७८च्या ८०८६ पासून चालत आलेलं घराणं. पुढे ८०२८६, ८०३८६ अशी नावं आली, शेवटचे आकडे तेच राहिले, म्हणून एक्स८६. १९८५चा ८०३८६ हा या घराण्यातला पहिला ३२-बिट. त्यामुळे डाउनलोडच्या पानावर नुसतं ‘एक्स८६’ लिहिलेलं असलं की अर्थ ३२-बिट असाच घ्यायचा. ८६ हा ६४पेक्षा मोठा आकडा आहे म्हणून ती फाइल नवी, असं अजिबात नाही. आय३८६, आय५८६, आय६८६, आयए३२, विन३२ ही सगळी त्याच ३२-बिट कुळातली.

या घराण्याचा ६४-बिट विस्तार इंटेलने नाही, एएमडीने आखला. २००३मध्ये ऑप्टेरॉन आणि अ‍ॅथलॉन ६४ या चिपांतून तो बाजारात आला. इंटेलने २००४पासून तोच आपल्या चिपांत घेतला. नाव मात्र बारशाला पडलं ते चिकटलं. म्हणून एएमडी६४, एक्स६४, एक्स८६-६४, इंटेल ६४ हे सगळं एकच. इंटेलच्या ६४-बिट मशिनवर एएमडी६४ची फाइल बिनधास्त घ्या. एकाच सॉफ्टवेअरच्या यादीत एक्स६४ आणि एएमडी६४ दोन्ही दिसत असतील तर बहुतेक वेळा एक विंडोजची असते आणि दुसरी डेबियन-उबुंटूची. एक्सटेन्शन बघा: एमएसआय किंवा ईएक्सई असेल तर विंडोज, डेब असेल तर लिनक्स.

आयए६४ला हात लावू नका. तो इटेनियम, इंटेलचाच पण पूर्ण वेगळा ६४-बिट प्रोसेसर, सर्व्हरसाठी काढलेला. नाव बघून तो आयए३२चा थोरला भाऊ वाटतो. नातं काहीच नाही.

आर्म६४ आणि एआर्च६४ (सुरुवातीला दोन ए) हेही एकच. स्नॅपड्रॅगन, अ‍ॅपलच्या एम चिपा, रास्पबेरी पाय ४ हे सगळे यात येतात. आर्मएचएफ म्हणजे ३२-बिट आर्म.

आता १ नंबरचं मशिन. तो एरर दिशाभूल करणारा आहे. प्रोसेसर ६४-बिटचाच आहे, त्याच्यावर बसवलेलं विंडोज ३२-बिटचं आहे. एमएसआय इन्स्टॉलर विंडोजला विचारतो, विंडोज स्वतःच्या वकुबाप्रमाणे उत्तर देतं, आणि बोल प्रोसेसरला लागतो. अबाउटमधल्या त्या ओळीचे दोन तुकडे वेगवेगळे वाचायचे: स्वल्पविरामाच्या आधीचा भाग आज काय चालेल ते सांगतो, नंतरचा भाग काय चालू शकलं असतं ते. तिथेच वर रॅमची ओळ बघा. ८ जीबीपुढे ‘३.४ युजेबल’च्या आसपासचा आकडा असणार. ३२-बिट विंडोजला ४ जीबीपर्यंतचेच पत्ते मोजता येतात, त्यातले काही ग्राफिक्स आणि इतर हार्डवेअरसाठी राखून ठेवलेले असतात. उरलेली रॅम बोर्डावर नुसती बसून आहे.

आज काम भागवायचं असेल तर या मशिनला एक्स८६ची फाइल घ्या. कायमचा इलाज हवा असेल तर ६४-बिट विंडोज. ३२वरून ६४वर जागच्या जागी अपग्रेड होत नाही. ६४-बिटचा पेनड्राइव्ह करून त्यावरून बूट करायचं, ‘कस्टम’ निवडायचं आणि सगळे प्रोग्रॅम नव्याने टाकायचे. लायसन्स वेगळं लागत नाही, एडिशन तीच ठेवली की तेच अ‍ॅक्टिव्हेट होतं. विंडोज ११ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे हे काम आज ना उद्या करावं लागणारच आहे.

---

कर्नलच्या_दारात

वरचं सगळं बरोबर. पण ‘माझा प्रोसेसर कुठला’ हा प्रश्न पुरा पडत नाही. विचारायचं ते असं: ही फाइल कुणाच्या आत जाऊन बसणार आहे? तुमच्या पाचपैकी तीन अडचणी यातूनच आल्यात.

सुटा प्रोग्रॅम असेल, स्वतःच्या प्रोसेसमध्ये चालणारा, तर त्याला मुभा असते. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्रॅम वाऊ६४ नावाच्या थरातून चालतो. आर्मवरच्या विंडोज ११मध्ये एक्स८६ आणि एक्स६४ दोन्ही एम्युलेशनने (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करून) चालतात. २४एच२ आवृत्तीपासून त्या एम्युलेटरचं नाव प्रिझम. आर्मवरच्या विंडोज १०मध्ये मात्र फक्त ३२-बिट एक्स८६च चालायचं, त्यामुळे जुने लेख वाचून गोंधळू नका.

ड्रायव्हर कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) आत बसतो आणि कर्नलमध्ये एम्युलेशन नाही. तिथे कर्नलच्याच जातीची फाइल लागते. ६४-बिट विंडोजला ६४-बिट ड्रायव्हर, आर्म विंडोजला आर्म६४ ड्रायव्हर, यात तडजोड नाही. ३ नंबरवर क्लायंट चालला आणि स्कॅनर अडला तो यामुळे. स्कॅनरच्या कंपनीने आर्म६४ ड्रायव्हर दिला नसेल तर सेटिंगांशी खटपट करून उपयोग नाही. ईएससीएल किंवा डब्ल्यूएसडी हे ठरलेले प्रोटोकॉल बोलणारा नेटवर्क स्कॅनर असेल तर विंडोजच्या अंगच्या ड्रायव्हरवर चालू शकतो, तेवढं करून बघा. व्हीपीएन, अँटिव्हायरस, व्हर्च्युअल ड्राइव्ह आणि खेळांमधले अँटी-चीट हे दिसायला साधे प्रोग्रॅम, पण पोटात ड्रायव्हर असतो. ३ नंबरवर ही मंडळी घेताना आर्म६४ लिहिलंय का हे आधी पाहायचं.

क्लायंटसाठीही ३ नंबरवर आर्म६४ची फाइल उपलब्ध असेल तर तीच घ्या. एक्स६४ चालतं, पण प्रत्येक सूचनेचा अनुवाद होतो, त्यात वेळ आणि बॅटरी जाते. कोण कसं चाललंय ते टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये कळतं. स्तंभांच्या मथळ्यावर राइट क्लिक, ‘सिलेक्ट कॉलम्स’, त्यात ‘आर्किटेक्चर’वर टिक.

तिसरा प्रकार प्लग-इन, अ‍ॅड-इन, ओडीबीसी ड्रायव्हर यांचा. ओडीबीसीच्या नावात ड्रायव्हर असला तरी तो कर्नलमध्ये जात नाही. ती एक डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडली जाणारी कोडची फाइल) आहे आणि जो प्रोग्रॅम तिला बोलावतो त्याच्या प्रोसेसमध्ये शिरते. एका प्रोसेसमध्ये ३२ आणि ६४ एकत्र नांदत नाहीत. म्हणून तिची जात यजमान प्रोग्रॅमशी जुळवायची, विंडोजशी नाही आणि प्रोसेसरशी तर नाहीच.

---

पाचमशिनी

२ नंबरवर एक्सेल बघितलं. फाइल > अकाउंट > अबाउट एक्सेलमध्ये पहिल्या ओळीच्या शेवटी ३२-बिट लिहिलंय. विंडोज ११, प्रोसेसर ६४, क्लायंट ६४, आणि एक्सेल ३२! म्हणजे इथे ओडीबीसीची एक्स८६ फाइल हवी? ती टाकली तर आत्ता चालणारा ६४-बिट क्लायंट बिघडेल का?

---

डीएसएन_डॉक्टर

हो, एक्स८६ हवी. सहसा दोन्ही शेजारीशेजारी राहतात. एक ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये जाते, दुसरी ‘प्रोग्रॅम फाइल्स (एक्स८६)’मध्ये. काही कंपन्यांचे इन्स्टॉलर दुसरी जात दिसली की अडून बसतात, तेवढं त्यांच्या सूचनांमध्ये पाहून घ्या.

आता खरी गंमत. ओडीबीसीची सेटिंग करणारा प्रोग्रॅम विंडोजमध्ये दोनदा आहे आणि दोन्ही ठिकाणी फाइलचं नाव अक्षरशः एकच: ओडीबीसीएडी३२. सिस्टिम३२ या फोल्डरातला ६४-बिटचा आहे, सिसवाऊ६४ या फोल्डरातला ३२-बिटचा. उलटं छापलेलं नाही, असंच आहे. जुने प्रोग्रॅम सिस्टिम३२ हा पत्ता गृहीत धरून लिहिले गेले होते, ते ६४-बिटसाठी पुन्हा बांधताना मोडू नयेत म्हणून नाव तसंच ठेवलं आणि आतला माल ६४-बिट केला. ३२-बिट प्रोग्रॅमने सिस्टिम३२ उघडायला सांगितलं की विंडोज त्याला गुपचूप सिसवाऊ६४मध्ये नेऊन सोडतं. त्यामुळे फोल्डरांच्या नावांवर न जाता स्टार्ट मेनूत ‘ओडीबीसी डेटा सोर्सेस’ टाइप करा. ३२-बिट आणि ६४-बिट अशा दोन स्पष्ट नोंदी दिसतील. एक्सेलसाठी ३२ची उघडायची.

मिसमॅच का आला तेही सांगतो. युझर डीएसएनची यादी दोघांना सामाईक असते. ६४च्या खिडकीत बनवलेला युझर डीएसएन ३२-बिट एक्सेललाही दिसतो, निवडताही येतो, पण त्यामागचा ड्रायव्हर ६४चा असल्यामुळे जोडणी तिथेच तुटते. सिस्टिम डीएसएनच्या याद्या मात्र दोन वेगळ्या आहेत, ३२च्या खिडकीत बनवलेला ६४च्या प्रोग्रॅमला जोडायला मिळत नाही. म्हणून करायचं असं: चालू युझर डीएसएन काढून टाका, ३२च्या खिडकीत सिस्टिम डीएसएन बनवा, नावाच्या शेवटी ३२ लावा. ६४च्या खिडकीत दुसरा बनवा, शेवटी ६४ लावा. सहा महिन्यांनी बघणाऱ्यालाही कळेल कुठला कुणाचा.

ऑफिस काढून ६४-बिट टाकणं हा दुसरा मार्ग. मोठ्या शीट असतील तर तो चांगला, कारण ३२-बिट प्रोसेसला मुळात २ जीबीच पत्ते मिळतात, आणि खास तयार केलेला प्रोग्रॅम असेल तर ६४-बिट विंडोजवर ४ जीबीपर्यंत. पण आधी जुने अ‍ॅड-इन आणि मॅक्रो तपासा. व्हीबीएमध्ये (ऑफिसच्या मॅक्रोंच्या भाषेत) विंडोजच्या फंक्शनांची ‘डिक्लेअर’ विधानं असतील तर ६४-बिटमध्ये त्यांना ‘पीटीआरसेफ’ लागतं, नाहीतर मॅक्रो कंपाइलच होणार नाही. आणि एकाच मशिनवर थोडं ऑफिस ३२चं, थोडं ६४चं असा प्रयोग करू नका, ऑफिसच्या इन्स्टॉलरला ते चालत नाही.

---

टर्मिनलवाला

५ नंबर माझ्याकडे द्या. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना रोमन अक्षरं.

‘यूनेम -एम’ फक्त कर्नलबद्दल सांगतं. रास्पबेरी पाय ओएसच्या ३२-बिट आवृत्तीत २०२३पासून पाय ४ वर कर्नल ६४-बिटचा चढतो आणि त्याच्या वरचं सगळं, म्हणजे लायब्ररी, पॅकेज, प्रोग्रॅम, ३२-बिटच राहतं. म्हणून यूनेमला एआर्च६४ दिसलं आणि डीपीकेजीला आर्मएचएफ. दोघंही खरं बोलताहेत, तुम्ही विचारलं चुकीच्या माणसाला. पॅकेज घ्यायचं असेल तर पॅकेज मॅनेजरलाच विचारायचं: ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’. पडताळा म्हणून ‘गेटकॉन्फ लाँग_बिट’ द्या, लाँग_बिट मोठ्या अक्षरांत. तुमच्याकडे ३२ येईल.

उपाय दोन. आर्मएचएफचं डेब घ्या, पाच मिनिटांत काम होईल. किंवा ६४-बिट ओएसची इमेज नव्या कार्डावर लिहा आणि डेटा तिकडे हलवा. चालू कार्डावर पॅकेजं बदलत बदलत ६४वर जायचा उद्योग करू नका, मध्येच लटकाल. ४ जीबी किंवा ८ जीबीचा पाय असेल आणि त्यावर डेटाबेसशी बोलायचं असेल तर मी दुसरा उपाय घेईन.

आर्मएचएफमध्येही एक खोच आहे. डेबियनचं आर्मएचएफ आर्मव्ही७ मागतं. पहिला पाय आणि मूळ पाय झीरो आर्मव्ही६चे, त्यांच्यासाठी रास्पबेरी पायवाल्यांनी त्याच नावाखाली वेगळी बांधणी केली. डेबियनचा प्रोग्रॅम झीरोवर टाकला तर बसतो छान आणि चालवला की ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून मरतो. तुमच्या पाय ४ला हा त्रास नाही.

लिनक्सवर चुकीच्या जातीची फाइल चालवली की येणारे एरर ओळखून ठेवा. ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आला तर सरळ दुसऱ्याच प्रोसेसरची फाइल आहे. कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या डब्यात) हा फार दिसतो: एम चिपच्या मॅकवर इमेज बांधली की ती आर्म६४ची होते आणि एक्स८६-६४च्या सर्व्हरवर जाऊन आपटते. बांधतानाच ‘--प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४’ द्यायचं. दुसरा एरर जास्त छळतो: फाइल डोळ्यांसमोर आहे, एलएसमध्ये दिसतेय, चालवण्याची परवानगीही आहे, आणि शेल म्हणतं ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. हरवलेली असते ती तुमची फाइल नव्हे, तिला लागणारा ३२-बिट लोडर. ‘फाइल’ ही आज्ञा त्या प्रोग्रॅमवर चालवा. उत्तरात ‘ईएलएफ ३२-बिट’ आणि पुढे इंटरप्रीटर म्हणून एलडी-लिनक्स.एसओ.२ दिसलं की खात्री झाली. एक्स८६-६४च्या डेबियन-उबुंटूवर ‘डीपीकेजी --अ‍ॅड-आर्किटेक्चर आय३८६’, मग ‘एपीटी अपडेट’, मग ‘एपीटी इन्स्टॉल लिबसी६:आय३८६’. पहिल्या आज्ञेनंतरचं अपडेट विसरलात तर पॅकेज सापडत नाही अशी तक्रार येते.

---

कमांड_शिफ्ट

मॅकचं सोपं आहे. अ‍ॅपल मेनू > अबाउट धिस मॅक. ‘चिप’ अशी ओळ आणि पुढे अ‍ॅपल एम-काहीतरी असेल तर आर्म६४ किंवा ‘अ‍ॅपल सिलिकॉन’ लिहिलेली फाइल. ‘प्रोसेसर’ अशी ओळ आणि पुढे इंटेल असेल तर एक्स६४. युनिव्हर्सल फाइलमध्ये दोन्ही बांधण्या असतात, आकार मोठा, वेगात फरक नाही. एम२ला युनिव्हर्सल किंवा आर्म६४, काहीही घ्या.

इंटेलची फाइल एम२वर रोझेटाच्या अनुवादातून चालते, पण त्यावर विसंबून नवी मांडणी करू नका. अ‍ॅपलने २०२५मध्ये जाहीर केलंय की सर्वसाधारण वापरासाठी रोझेटा मॅकओएस २७पर्यंतच राहील. ३२-बिट तर २०१९च्या कॅटालिनापासूनच बंद.

एक ठिकाणी पाय घसरतो. टर्मिनल अ‍ॅपच्या ‘गेट इन्फो’मध्ये ‘ओपन युझिंग रोझेटा’वर टिक राहिली असेल तर ‘यूनेम -एम’ एम२वर बसून एक्स८६_६४ सांगतं. मग त्या टर्मिनलमधून चालवलेल्या इन्स्टॉल स्क्रिप्ट इंटेलची फाइल ओढतात आणि नंतर ओडीबीसीची लायब्ररी एकीची, क्लायंट दुसरीचा अशी खिचडी होते. ‘सिसकंट्रोल -एन सिसकंट्रोल.प्रॉक_ट्रान्सलेटेड’ (आज्ञेत ‘सिसकंट्रोल’चं स्पेलिंग सिस अधिक सीटीएल) यावर १ आलं तर तुम्ही रोझेटाखाली आहात, ० आलं तर नाही. होमब्रू (मॅकवरचा पॅकेज मॅनेजर) वापरत असाल तर त्याचा पत्ता बघा: ऑप्ट/होमब्रू असेल तर आर्म, यूएसआर/लोकल असेल तर इंटेल.

---

झटपट_सेटअप

एवढा खटाटोप कशाला? विंडोजच्या तिन्ही मशिनवर एक्स८६ टाका. सगळीकडे चालतं, विषय संपला.

---

रजिस्टर_सोळा

सुट्या लहान प्रोग्रॅमला चालेल, या कामाला नाही. ६४-बिट क्लायंटच्या पोटात ३२-बिट ओडीबीसी शिरणार नाही. ३ नंबरवर विनाकारण एम्युलेशन. आणि मोठी क्वेरी आली की २ जीबीच्या कुंपणाला धडक. एक्स८६-६४मध्ये सामान्य कामाची रजिस्टरं (प्रोसेसरच्या आतले छोटे कप्पे) ८ची १६ झाली, त्यामुळे कंपाइलरला रॅमकडे कमी फेऱ्या माराव्या लागतात. हा फायदाही सोडून द्यायचा. पॉइंटर दुप्पट होतात म्हणून ६४-बिट प्रोग्रॅम थोडी जास्त रॅम खातो हे खरं, पण ते ओझं १-२ जीबीच्या मशिनवर जाणवतं.

उलट दिशेनेही एक सावधगिरी. एक्स६४ जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं नाही. एक्स८६-६४च्या आतही पायऱ्या आहेत, प्रोसेसरला कुठल्या जादा सूचना कळतात त्यावरून. व्ही२ला एसएसई४.२ आणि पॉपसीएनटी लागतं, व्ही३ला एव्हीएक्स२. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ व्ही२ मागतं, १० व्ही३ मागतं. विंडोज ११ २४एच२लाही एसएसई४.२ आणि पॉपसीएनटी लागतं. मोंगोडीबी ५.०ला एक्स८६-६४वर एव्हीएक्स लागतं. इंटेलमध्ये एव्हीएक्स२ हॅसवेलपासून, म्हणजे २०१३पासून आलं, पण त्यानंतरच्या काही पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये साधं एव्हीएक्सही नाही, त्यामुळे खरेदीचं साल पाहून ठरवू नका. लिनक्सवर ‘एलएससीपीयू’च्या फ्लॅग्जच्या ओळीत एव्हीएक्स२ शोधा. नसताना चालवलं तर पुन्हा तोच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’.

---

पाचमशिनी

२, ४ आणि ५ मार्गी लागले. ५ला तूर्त आर्मएचएफ घेतलं. एक शेवटचं: हातात नुसती ईएक्सई किंवा डीएलएल आहे, नावात काही लिहिलेलं नाही. कुठल्या जातीची ते न चालवता कसं ओळखायचं?

---

कर्नलच्या_दारात

नोटपॅडमध्ये उघडा. चेष्टा नाही. सुरुवातीला एमझेड ही अक्षरं दिसतील, मग थोडा कचरा, मग ‘हा प्रोग्रॅम डॉस मोडमध्ये चालत नाही’ असं इंग्रजी वाक्य. त्याच्या थोडं पुढे मोठ्या अक्षरांत पीई सापडेल. त्या पीईनंतर दोन रिकाम्या जागा सोडून येणारं अक्षर बघायचं. मोठं एल असेल तर ३२-बिट एक्स८६. लहान डी आणि त्याला लागून कट्यारीसारखं चिन्ह असेल तर एक्स६४. लहान डी आणि वर चढवलेला छोटा ए असेल तर आर्म६४. चिन्ह एन्कोडिंगप्रमाणे वेगळं दिसू शकतं, म्हणून शंका आली तर हेक्स एडिटरमध्ये तेच दोन बाइट वाचा: ४सी ०१, ६४ ८६, ६४ एए, याच क्रमाने. बघून झालं की सेव्ह न करता बंद करा, नोटपॅडने सेव्ह केलेली ईएक्सई कामातून गेली समजा.

दोन ठिकाणी ही खूण फसवते. सेटअपची ईएक्सई स्वतः अनेकदा ३२-बिटची ठेवलेली असते, म्हणजे ती कुठेही उघडावी आणि आतून योग्य माल काढावा. तिथे एल दिसला तरी आतला प्रोग्रॅम ६४चा असू शकतो, तपासायची ती बसलेली फाइल. दुसरं, डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये ‘एनी सीपीयू’ म्हणून बांधलेल्या फाइलींवरही एलच असतो आणि ६४-बिट विंडोजवर त्या ६४-बिट म्हणून चालतात.

आणि प्रोग्रॅम सुरू होताना ०एक्ससी०००००७बी असा आकडा आला तर ईएक्सई बहुधा ठीक असते, तिने ओढलेली एखादी डीएलएल दुसऱ्या जातीची निघते. इंटरनेटवरून सुटी डीएलएल आणून सिस्टिम३२मध्ये टाकण्याचा हा नेहमीचा परिणाम. ती काढा आणि ज्या पॅकेजमधून ती यायला हवी ते पूर्ण पॅकेज योग्य जातीचं बसवा. व्हिज्युअल सी++च्या रनटाइमबाबत तर ६४-बिट विंडोजवर एक्स८६ आणि एक्स६४ दोन्ही असलेलं बरं.

---

डीएसएन_डॉक्टर

१ नंबर पुसण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. त्याला जोडलेल्या प्रत्येक प्रिंटर-स्कॅनरचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का, आणि त्यावर एखादा १६-बिटचा जुना प्रोग्रॅम चालू आहे का. ३२-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅम चालवू शकतं, ६४-बिट विंडोजमध्ये ती सोय काढलेली आहे. बऱ्याच ठिकाणी ३२-बिट विंडोज याच कारणासाठी मुद्दाम ठेवलेलं सापडतं. तसा प्रोग्रॅम निघालाच तर ६४-बिट विंडोजवर व्हर्च्युअल मशिन करून त्यात जुनं ३२-बिट विंडोज ठेवा, डेस्कटॉपवर आयकॉन द्या.

---

पाचमशिनी

१६-बिटचं काही नाही, प्रिंटरचा ६४-बिट ड्रायव्हर मिळाला. पण त्याच कामासाठी एक जुना अ‍ॅटम टॅबलेटही आला आहे, त्याच्या अबाउटमध्येही हुबेहूब हीच ओळ आहे. त्यालाही तोच पेनड्राइव्ह लावू का?

---

टर्मिनलवाला

लावून बघा, पण बूट मेनूत पेनड्राइव्ह दिसलाच नाही तर त्याला दोष देऊ नका. त्या काळच्या बऱ्याच अ‍ॅटम टॅबलेटमध्ये प्रोसेसर ६४-बिट आणि यूईएफआय फर्मवेअर (मशिन सुरू करणारं अंगचं सॉफ्टवेअर) ३२-बिट अशी जोडी असते. असं फर्मवेअर बूटएक्स६४ नावाची फाइल बघतच नाही, त्याला बूटआयए३२ लागते. ६४-बिट विंडोज तिथून चढत नाही. त्या टॅबलेटला ३२-बिटच ठेवा आणि क्लायंटची एक्स८६ फाइल द्या.